हवेत राहिलेला पाय

"आत्या, मी खरंच चांगली वाजवते, की घरातली पोरगी म्हणून तू तसं म्हणतेस?"

विचारून टाकलं. एका दमात, मधे श्वाससुद्धा न घेता, कारण जरा थांबले असते तर मी हसून विषय बदलला असता आणि सोमवारी लट्रीसच्या भावाची ती बँडमधली पिसांची टोपी घालून मला दिवसभर शाळेत फिरावं लागलं असतं. पैज तशीच लागली होती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीसारखी माझा व्हिडिओ किती जणांनी पाहिला ते सांगत होते, एकेचाळीस हजार, त्यात एक माणूस फिनलंडचा, तेव्हा जोसलिन तोंडात बटाट्याचे काप कोंबत म्हणाली, "ते एकेचाळीस हजार तुला ओळखत नाहीत, आणि आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. जिला कळतं तिला विचारलंस का कधी?" मी म्हटलं, आत्या नेहमीच म्हणते, छान. "घरचे म्हणणारच," लट्रीस म्हणाली, "माझ्या आईला वाटतं मी गाते. तू ऐकलंयस ना मला?" ऐकलं होतं. आम्ही तिघी इतक्या हसलो की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मग लट्रीस एकदम गंभीर होऊन म्हणाली, "समोर बसून विचार, डेसी. असेल हिंमत तर." आता माझ्या हिमतीचा विषय कुणी काढला की मला राहवत नाही. ही हिंमत माझ्याकडे फार दिवसांची नाही, नवी आहे, नव्या बुटांसारखी. सारखी कुणाला तरी दाखवावीशी वाटते.

म्हणून रविवारी, चर्च आटोपल्यावर, आमच्या मेंफिसपासून तासाभरावर, टेकड्यांमधल्या आत्याच्या घराच्या ओसरीच्या पायरीवर गिटार मांडीवर घेऊन मी बसले होते आणि वर खुर्चीत व्हर्डेल आत्या गेल्या हिवाळ्यातले, अक्रोडासारखे पेकान फोडत होती. ती खरं तर डॅडींची आत्या, पण तिला सगळेच आत्या म्हणतात, पोस्टमनसुद्धा. मुठीत दोन पेकान धरायचे, एकावर एक दाबायचे, कट्, आणि गर परातीत. घरामागे डॅडी तिचं गवत कापायचं यंत्र उघडून बसले होते. ते मधूनच सुरू व्हायचं, ठसकायचं आणि गप्प व्हायचं. मला वाटलं होतं, आत्या हसेल. 'चल, येडी कुठली' म्हणेल, की माझं काम झालं. तिनं हसायच्या ऐवजी मूठ उघडली, टरफलं अंगणात फेकली आणि म्हणाली, "छान वाजवतेस. तुझ्या वयात माझी बोटं एवढी साफ नव्हती." माझ्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं, मला ते गालात चढताना जाणवत होतं, इतक्यात ती पुढे म्हणाली, "फक्त त्यावर नाचता येत नाही."

कट्. पुढचे दोन पेकान.

माझ्या गिटारची खर्जाची तार अजून वाजत होती. मी तिच्यावर तळवा ठेवला तरी ती वाजतेय असं मला वाटत राहिलं. असं कधी होतं का, की एखादं वाक्य कानातून आत जातच नाही, कातडीवर बसून राहतं, डासासारखं? मी म्हटलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे काय म्हणजे? तू विचारलंस, मी सांगितलं." मी म्हटलं, "पण गेल्या वर्षी पिकनिकला मी वाजवलं तेव्हा लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! तू होतीस की तिथे!" "होते ना. बकरा खात होते. पण कान उघडे होते." तिनं परात मांडीवर नीट सरकवली. "टाळ्या वाजवल्या म्हणतेस. मी वाजवताना तू कधी टाळ्या ऐकल्यास?"

नव्हत्या ऐकल्या. पंधरा वर्षांत एकदाही नाही. आमची पिकनिक म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आत्याच्या अंगणात सगळा मुलूख जमतो. आदल्या दिवसापासून खड्ड्यात बकरे भाजत असतात, पेकानच्या झाडाखाली तिची खुर्ची आणि तो फाटक्या कापडाचा अँप्लिफायर असतो, आणि दुपारी ती एकदा अंगठा सुरू करते. तिच्या वाजवण्यात अंगठा हेच सगळं. तो खालच्या तारेवर चालत राहतो, थकत नाही, बदलत नाही, एकच सूर, एकच सूर, आणि बाकीची बोटं त्याच्याभोवती माश्यांसारखी घोंगावतात. माझी मम्मा मेंफिसची, चर्चमध्ये पियानो वाजवते, ती लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेली तेव्हा डॅडींच्या कानात म्हणाली होती म्हणे, "हे पुढे कधी जाणार?" ते पुढे जातच नाही. ते खाली जातं. पायांत उतरतं, पायांतून मातीत, आणि मातीतून तांबडा धुरळा होऊन वर येतो आणि सगळ्यांच्या चर्चसाठीच्या ठेवणीतल्या कपड्यांवर बसतो. कोण टाळ्या वाजवणार? हात मोकळे असतात कुणाचे? गाणं संपतं कधी हेही कळत नाही. शेवटची जोडी दमून घाम पुसत कडेला गेली की आत्याचा अंगठा आपोआप सैलावतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, अरे, थांबलं वाटतं.

"आमच्याकडे टाळ्या ऐकू आल्या की समजावं," आत्या म्हणाली, "पाय रिकामे होते."

घरामागे यंत्र ठसकलं. मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू. मला वाटलं, म्हातारी जळते माझ्यावर. वाटलं आणि लगेच तिच्या डाव्या हाताकडे लक्ष गेलं आणि कान गरम झाले. या हिवाळ्यापासून तिचं तिसरं बोट तळहाताशी मिटून अडकतं. खिशातला चाकू उघडतात तसं दुसऱ्या हातानं धरून ते उघडावं लागतं, उघडताना टक् असा आवाज होतो आणि ती डोळे मिटते. एक गाणं होतं, दुसऱ्याच्या मधे बोट अडकतं. त्यामुळे यंदा पिकनिकला काय करायचं यावर घरात दोन महिने चर्चा चालू आहे. चुलत भावंडांचं म्हणणं, मोठे स्पीकर आणू, गाणी लावू, झंझट नको. आत्या त्यावर काहीच बोलत नाही. मी मात्र मनात कधीच ठरवून टाकलं होतं की खुर्ची माझी. कुणी म्हटलं नव्हतं तसं. पण मी आरशासमोर बसून पाहिलं होतं, पेकानच्या झाडाखाली बसल्यावर मान कशी ठेवायची, कुणाकडे बघून हसायचं. नवी पिवळी चप्पलसुद्धा त्याच दिवसासाठी ठेवली होती. आता ती पिवळी चप्पल डोळ्यांसमोर आली आणि मला तिची इतकी लाज वाटली की जणू मी ती चोरून आणली होती.

आणि मग, बोलावलं नसताना, मिस्टर होझियांचा पाय आला.

मिस्टर होझिया पेग्ज म्हणजे आत्याच्या शेजारचे, ऐंशीच्या पुढचे, काठी घेऊन चालतात आणि काठी झाडाला टेकवून नाचतात. गेल्या सप्टेंबरात आत्या जेवायला उठली आणि मला म्हणाली, बस जरा वेळ. मी बसले. मी आमच्याच घरातलं जुनं गाणं वाजवलं, पण झगमगीत करून, चौपट वेगानं, मधे दोन जागी मी स्वतः बसवलेल्या अवघड करामती. लोक जवळ आले, गोल करून उभे राहिले, फोन वर झाले. त्यातलाच तो व्हिडिओ, फिनलंडपर्यंत गेलेला. शेवट मी फार सुंदर केला होता. धाडकन्. एका तारेवरून सरळ वर चढून, तळव्यानं सगळ्या तारा एकदम गप्प. आणि टाळ्या. पण गोलाच्या पलीकडे, डाव्या बाजूला, व्हिडिओत जे दिसत नाही तिथे, मिस्टर होझिया एकटेच नाचत होते, आणि मी थांबले तेव्हा त्यांचा उजवा पाय वर होता. तो तसाच राहिला. दोन क्षण असेल. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला, अंधारात न दिसणारी पायरी चाचपत ठेवतात तसा, आणि काठी घ्यायला झाडाकडे गेले. मी हसले होते तेव्हा. मला वाटलं, म्हाताऱ्यांचं आपलं काहीतरी. आठ महिने ते दृश्य माझ्या डोक्यात कुठे पडून होतं कोण जाणे, घडी घालून, आणि आता ओसरीच्या पायरीवर ते उलगडलं आणि मला कळलं की ते हसण्यासारखं नव्हतं. चालत्या माणसाच्या पायाखालची जमीन मी काढून घेतली होती, तीही शेवट सुंदर व्हावा म्हणून.

"त्यांचा पाय," मी म्हटलं. एवढंच. आत्याला बरोबर कळलं. "मग," ती म्हणाली, "दिसलं होतं तुला. मला वाटलं, दिसलंच नाही. नुसतं आपल्या बोटांकडे बघत होतीस." परातीतलं एक टरफल वेचून फेकत ती म्हणाली, "बोटं कुठे पळून जातात होय? समोर बघावं."

तिनं परात खाली ठेवली आणि हात पुढे केला. "आण ती इकडे. आणि तू हो उभी." "कशाला?" "कशाला काय! नाच." मी म्हटलं, "आत्या, काहीतरीच काय, तुझं बोट..." "माझ्या बोटाचं मी बघीन. उठ म्हटलं की उठावं." आमच्याकडे या आवाजावर एकच उत्तर चालतं, म्हणून मी म्हटलं, "हो, मॅडम," आणि अंगणात उतरले. तिनं ते बोट टक् करून उघडलं. अंगठा सुरू झाला. आणि मी उभी राहिले. नुसती. उन्हात, हात कुठे ठेवायचे ते न कळून, पाठ ताठ, खांदे वर, हनुवटी समोर. कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं, ठेक्याचा कण अन् कण कळत होता, हवं तर कागदावर लिहून दिला असता, पण गुडघ्यांपर्यंत काही पोचत नव्हतं. मधे कुठेतरी दार बंद होतं. आणि ते दार कुठे आहे, कसल्या वासाचं आहे, हे मला नेमकं ठाऊक होतं: तापलेल्या प्लॅस्टिकच्या.

अकराव्या वर्षी माझा कणा डावीकडे झुकायला लागला आणि डॉक्टरांनी मला कवच दिलं. काखेपासून कमरेपर्यंत, पांढरं, जाड, मागे तीन पट्ट्या. मम्मा रोज सकाळी गुडघा माझ्या पाठीला लावून त्या ओढायची, चर्र, चर्र, चर्र. दिवसाचे अठरा तास, अडीच वर्षं. त्यात वाकता येत नाही, वळता येत नाही, खाली पडलेली पेन्सिल दुसऱ्याला उचलायला सांगावी लागते. पिकनिकला सगळी पोरं धुरळ्यात, आणि मी ओसरीवर खुर्चीत, कपाटासारखी. मला आठवतं, माझ्याच वयाची एक पोरगी धावत येऊन माझ्या पोटावर टकटक करून गेली होती. आत कुणी आहे का बघायला. त्याच उन्हाळ्यात आत्यानं मला तिची जुनी गिटार दिली. कवचात गिटार खाली धरता येत नाही. ती छातीशी उंच धरावी लागते, लाकूड प्लॅस्टिकला टेकवून. आणि तार छेडली की ते अख्खं कवच आतून गुणगुणायचं. बाहेर जेवढं ऐकू येत होतं त्याच्या दसपट मला आत, बरगड्यांत ऐकू यायचं. ती जागा फक्त माझी होती. मी दिवसचे दिवस तिथे राहिले आहे. लोक म्हणायला लागले, व्हर्डेलची देणगी पोरीत उतरली, आणि मला पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं, कुणाच्या तरी लक्षात राहण्यासारखं. कवच गेल्या वर्षी निघालं. मला वाटत होतं निघालं. कुणी कधी 'ये ना नाचायला' म्हटलं की मी गिटार पुढे करायचे, बघा, मला वाजवायचंय. सगळ्यांना ते पटायचं. मलाही. किती सोयीचं आहे ना, ज्यानं आपण सगळ्यांना आवडतो तेच आपलं लपायचं ठिकाण असणं.

आत्याचं बोट अडकलं. सूर अर्ध्यावर तुटला. तिनं ते पुन्हा उघडलं नाही, तसंच मिटलेलं राहू दिलं. "पहिल्यांदा नाच," ती म्हणाली, रागावून नाही, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशी. "मी सहा वर्षं नाचले, मग मला माझ्या काकानं गिटारीला हात लावू दिला. तुझं उलटं झालं. तुझा इलाज नव्हता, माझीही घाई झाली. पोरगी बसून कुढतेय, हे बघवेना मला." मी म्हटलं, "म्हणजे मला येतच नाही का?" ती म्हणाली, "येतं गं. सगळं येतं तुला. अजून दुसऱ्या कुणासाठी वाजवता येत नाही एवढंच." मग परात उचलली. कट्.

परतताना गाडीत डॅडींच्या हातांना यंत्राच्या तेलाचा वास येत होता, रस्त्याच्या दोन्ही कडांना कुडझूच्या वेलीनं खांब, झाडं, एक मोडकी गाडी सगळं हिरव्या पांघरुणाखाली घेतलं होतं. फोन मांडीवर थरथरत होता. *विचारलंस का?* लट्रीस. *विचारलंस का??* जोसलिन. *टोपी धुऊन ठेवलीय.* लट्रीस. मी फोन उलटा ठेवला. राज्याची हद्द जवळ आल्यावर मी विचारलं, "डॅडी, आत्यानं तुम्हाला का नाही शिकवली गिटार?" ते हसले. "मी मागितली होती. म्हणाली, सगळेच वाजवायला बसले तर वाजवायचं कुणासाठी? तू नाच." "मग?" "मग काय, नाचलो. ती माझे पाय बघून वाजवायची. मी दमलोय हे माझ्याआधी तिला कळायचं. ठेका असा जरासा मऊ करायची, की लाज न वाटता कडेला जाता यावं." त्यांनी वेगळ्याच आवाजात पुढे म्हटलं, "विमानतळावर रोज आठ तास खोकी उचलतो, पण एवढी काळजी कुणी घेतली नाही माझ्या पायांची." मी त्यांना मिस्टर होझियांचं सांगितलं. सगळं. चौपट वेग, धाडकन् शेवट, हवेतला पाय. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मला वाटलं होतं, ते माझ्या एकट्याच्याच लक्षात आलं."

घरी मम्मा स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोर बोस्टनच्या एका संगीत शिबिराचा कागद होता. सहा आठवडे, जवळजवळ सगळा उन्हाळा. व्हिडिओ पाहून त्यांनीच बोलावलं होतं. मम्मानं माझं नाव तिच्या सुंदर अक्षरात भरून ठेवलं होतं, ओडेसा रुथ मॅक्लिन, फक्त सही राहिली होती आणि उत्तर उद्या पाठवायचं होतं. "हात धू आणि सही कर," ती म्हणाली. "तिथे तुला सगळं शिकवतील, नुसतं एकाच सुरावर घुमणं नाही." शेजारच्या कोनाड्यात कपडे धुवायचं यंत्र शेवटच्या फेऱ्यात होतं, धब् धब् धब्, जरा लंगडत, कारण त्याचा एक पाय आखूड आहे. मी बसले. पेन घेतलं. मम्मा सांगत होती, तिथल्या खोल्या कशा आहेत, कोण शिकवायला येतं, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला सही करावीशी वाटत होती, केवळ त्या चेहऱ्यासाठी. अडीच वर्षं रोज माझ्या पट्ट्या ओढणारी बाई आहे ती. माझ्यासाठी तिला सगळ्यात लांबचं, सगळ्यात उंच हवं असतं. धब् धब् धब्. "पाय हलवू नकोस गं," ती सवयीनं म्हणाली, "नीट बस."

मी खाली पाहिलं. टेबलाखाली माझी टाच जमिनीवर पडत होती. यंत्राबरोबर. लंगडत, पण नेमकी, त्या आखूड पायाची वाट बघून. मी टाचेला सांगितलं नव्हतं. डॅडी दाराशी उभे राहून तिकडेच बघत होते. मी पेन खाली ठेवलं आणि उठून उभी राहिले, आणि काय करावं ते न कळून खुर्ची मागे ढकलली, जरा जास्तच जोरात.

"मम्मा, डॅडी, मी बोस्टनला जाणार नाही. मी उन्हाळाभर आत्याकडे राहणार आहे. गिटार इथेच राहील. मम्मा, तू ती तुझ्या कपाटात कुलपात ठेव, आणि मी फोनवर रडले तरी मला आणून द्यायची नाही."

"अगं पण मग तिथे जाऊन करणार काय तू?"

"नाचणार. अंगणात, मिस्टर होझियांबरोबर, ते दमेपर्यंत. आत्याचं बोट चालेल तेवढं ती वाजवेल, नाही चालणार तेव्हा आम्ही परात बडवू. सप्टेंबरात ती खुर्ची मला मिळाली तर मिळाली, नाही तर पुढच्या सप्टेंबरात. आणि आधीच सांगून ठेवते, मी फार वाईट नाचणार आहे. दोघंही बघायला या."